हाताला लागलेला बोल

आई धुतलेला ग्लास उजेडाकडे धरून बघायची. निथळलेला, सुक्या फडक्याने पुसलेला काचेचा ग्लास घेऊन ती खिडकीशी जायची, डोळे बारीक करायची आणि काही न बोलता परत नळाखाली धरायची. ग्लासच्या पोटाला एक पांढुरकं धुकं असायचं. ओलं असेपर्यंत ते दिसायचं नाही, वाळलं की उमटायचं. नखाने खरवडलं तर नखाखाली पिठासारखं काहीतरी यायचं, पण धुकं तिथेच. एकदा तिने सहाही ग्लास चार वेळा धुतले आणि पाचव्यांदा धुवायला घेतले, तेव्हा मी विचारलं, "अगं, किती वेळा धुशील?"

"माझा हातच बिघडलाय," ती म्हणाली.

इतक्या वर्षांनंतरही हे वाक्य मला जसंच्या तसं ऐकू येतं. तिच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. पाणी जड होतं.

मी सातवीत असताना आम्ही त्या शहरात राहायला गेलो. आधी होतो तिथे नळाला धरणाचं पाणी यायचं, आणि पाणी हा घरात बोलायचा विषय असतो हेच मला ठाऊक नव्हतं. नव्या शहराचं पाणी जमिनीच्या पोटातून उपसलेलं, टाकीत चढवलेलं, क्लोरीन घालून सोडलेलं. दिसायला अगदी नितळ. चवीला किंचित मचूळ, पण त्या चवीची सवय चार दिवसांत झाली. बाकी कशाचीच झाली नाही.

बाबांचे पांढरे शर्ट दोन महिन्यांत राखाडी पडले. टॉवेल दोरीवरून काढला की पुठ्ठ्यासारखा उभा राहायचा. माझे केस राठ झाले, कंगवा अडकायला लागला. नळाच्या तोटीला पांढरं कडं धरलं, शॉवरच्या जाळीतून चार धारा चार दिशांना जायला लागल्या. बादलीच्या आत, पाण्याच्या रेघेवर, एक चिकट मळकट कडा बसायचा, तो रोज घासायचा आणि रोज पुन्हा बसायचा.

आणि प्रत्येक गोष्टीला घरात एकच स्पष्टीकरण होतं. बाबा शर्टाची कॉलर बघून म्हणायचे, "पूर्वी तुझ्या हातचे कपडे कसे निघायचे!" मावशी चार दिवस राहायला आली आणि निघताना बेसिनपाशी थबकून म्हणाली, "घर नवीन आहे तोवरच लक्ष ठेव गं, नंतर हाताबाहेर जातं." ती प्रेमानेच बोलली होती. बाबासुद्धा चिडून बोलत नसत. पण घरातलं एखादं काम बिघडलं की ते ज्याच्या हातात असतं त्याच्याकडेच सगळे बघतात, आणि मग तो माणूसही स्वतःकडेच बघायला लागतो. आईने साबण बदलला, पावडर बदलली, काथ्या बदलला, भिजवायची वेळ वाढवली. पाणी बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण पाणी तर सगळ्यांकडे तेच होतं आणि ते तर स्वच्छ दिसत होतं.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा धडा होता. सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी. "ज्या पाण्यात साबणाचा फेस सहजासहजी होत नाही, त्यास दुष्फेन पाणी म्हणतात. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळल्यामुळे पाणी दुष्फेन होते." मी ही व्याख्या पाठ केली, परीक्षेत लिहिली, पूर्ण गुण मिळवले. त्याच संध्याकाळी घरी येऊन मी आईला म्हणाले असेन, "माझ्या युनिफॉर्मला साबण नीट लाव ना." उत्तर माझ्या वहीत होतं आणि प्रश्न न्हाणीघरात. मधल्या दहा पावलांत मी ते दोन्ही जोडले नाहीत.

दुष्फेन हा शब्द मला आता फार आवडतो. बोलताना आपण जड पाणी म्हणतो, कुणी कठीण म्हणतं, कुणी नुसतंच क्षाराचं. पण जड म्हणावं तर असं एक लिटर पाणी मऊ पाण्यापेक्षा ग्रॅमच्या एका अंशानेच जास्त भरतं. कठीण म्हणावं तर ते हातातून तसंच निसटतं. दुष्फेन या शब्दाने मात्र पाण्याची नेमकी खोड सांगितली आहे. ते साबणाशी नीट वागत नाही. आणि हे पाणी शेकडो वर्षं ओळखलं जात होतं ते साबणावरूनच.

उत्तर आणि प्रश्न जोडले जायला गिझर जळावा लागला. तोवर मी नोकरीला लागले होते, सुट्टीला घरी आले होते. गिझर तिसऱ्यांदा बंद पडला होता आणि "तू तो चालू ठेवून विसरतेस" हे वाक्य आईला तिसऱ्यांदा ऐकावं लागलं होतं. प्लंबरने खालचं झाकण उघडलं, बोल्ट सैल केले आणि कॉइल ओढली, तर ती बाहेरच येईना. भोकापेक्षा जाड झाली होती. त्यांनी पक्कडीने ठोकून वरचं कवच फोडलं, तेव्हा ती निघाली. जमिनीवर पसरलेल्या कागदावर त्या खपल्या पडल्या. पांढऱ्या, पिवळसर, काही बोटभर लांब. आतली बाजू कॉइलच्या आकाराची, गोलसर आणि गुळगुळीत. बाहेरची बाजू खडबडीत, बारीक दाण्यांची, समुद्रातल्या पोवळ्यासारखी. एक खपली मी मोडली, तर कडेला थर दिसले, झाडाच्या खोडात वर्षं दिसावीत तसे. टाकीच्या तळाशी याच्याच चुऱ्याचा गाळ साचला होता, पाव बादली तरी असेल.

"हे दगडच आहेत की," आई म्हणाली.

ते खरोखरच दगड होते. शब्दशः. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं तेव्हा मातीतला कार्बन डायऑक्साइड घेत जातं. मुळं आणि सूक्ष्मजीव श्वास घेतात म्हणून मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पटीने जास्त असतो. त्यामुळे पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि खाली चुनखडी असली की तिला विरघळवत जातं. इतर खडकांतूनही कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतं, पण चुनखडी सगळ्यात उदार. आणि चुनखडी म्हणजे बहुतांशी कुठल्यातरी जुन्या समुद्रातल्या जीवांची कवचं, तळाशी साठून, दबून झालेला खडक. तो दगड पाण्यातून अदृश्य होऊन प्रवास करतो. न दिसणारं बायकार्बोनेट होऊन. पाणी तापलं की वायू निघून जातो, आणि वायू गेला की दगडाला पाण्यात राहता येत नाही. तो मिळेल तिथे बसतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, या दगडाचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं, नेमकं उलटं. म्हणून नळापेक्षा गिझरमध्ये थर जास्त, आणि गिझरमध्येही सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे कॉइलवर, सगळ्यात जास्त. चुनखडीच्या गुहांमध्ये छतावरून थेंब ठिबकतात, वायू उडतो आणि हजारो वर्षांत दगडाचे लंबक तयार होतात. आमच्या गिझरमध्ये तेच घडत होतं, फक्त उष्णतेमुळे घाईने.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट उलगडली ती १७६७ मध्ये. लंडनमधल्या रॅथबोन प्लेस नावाच्या रस्त्यावरच्या पंपाचं पाणी उकळलं की त्यात मातीसारखा साका धरायचा. हेन्री कॅव्हेंडिश यांनी त्या पाण्यावर प्रयोग केले आणि दाखवलं की नितळ पाण्यात ही चुन्याची माती धरून ठेवतो तो त्यात विरघळलेला वायू, ज्याला तेव्हा 'स्थिर हवा' म्हणत. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. लोकांच्या रोजच्या पंपाचं पाणी घेऊन एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने बसावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कॉइल का जळते तेही मग कळलं. तांब्याच्या तुलनेत हा थर शंभर पटींहून अधिक मंद उष्णता वाहतो. कॉइल आतल्या आत तापत राहते, पाण्यापर्यंत ती ऊब पोचत नाही, पाणी गरम व्हायला वेळ लागतो, वीज जळते, आणि एक दिवस आतली तार तुटते. आई विसरत नव्हती. गिझरला वेळच तेवढा लागत होता.

त्या सुट्टीनंतर मी पाण्याचा जडपणा मोजायची एक छोटी पेटी आणली. दोन-तीन थेंबबाटल्या आणि एक खुणेची नळी, एवढंच. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आईच्या समोर मी नळाचं पाणी घेतलं, रंगाचा थेंब टाकला, पाणी मद्यासारखं लाल झालं. मग दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब मोजत टाकायचा, प्रत्येक थेंबाला हलवायचं. दहा झाले, बारा झाले, लाल तसंच. सोळाव्या-सतराव्याला ते गढुळल्यासारखं जांभळं झालं. एकोणिसाव्या थेंबाला एकदम निळं. आई जवळ वाकून बघत होती. तिला तो निळा रंगच आवडला. "कृष्णकमळासारखा," म्हणाली.

ही पद्धत १९४०च्या दशकात झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी बसवली. बाटलीतलं द्रव्य कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला खेकड्याच्या नांगीसारखं पकडतं. सगळं पकडून झालं की रंग पालटतो. आमच्या पेटीत एका थेंबाला लिटरमागे २० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने, असा हिशेब होता. एकोणीस थेंब म्हणजे ३८०. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची पट्टी अशी आहे, की ६० पर्यंत मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे सगळंच अतिजड. आम्ही त्या शेवटच्या रेघेच्याही दुपटीवर होतो.

नुसता आकडा आईला काही सांगत नव्हता. म्हणून मी त्याचा साबणात हिशेब केला.

साबण म्हणजे तेलातली मेदाम्लं आणि सोडियम यांची जोडी. त्यातली लांब शेपटी तेलकट मळाला धरते आणि डोकं पाण्याला, म्हणून मळ पाण्याबरोबर निघून जातो. जड पाण्यातलं कॅल्शियम येतं आणि सोडियमला ढकलून स्वतः बसतं. एक कॅल्शियम दोन साबणांना धरतं, आणि ही नवी जोडी पाण्यात विरघळत नाही. दूध फाटावं तसा साबण फाटतो. जे तयार होतं ते पांढुरकं, चिकट, मेणासारखं. आणि ही फाटाफूट आधी होते, फेस नंतर. पाण्यातलं सगळं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबण खाऊन संपलं की मगच पुढच्या साबणाला फेस येतो.

१५ लिटरची बादली धरली, ३८० चा जडपणा धरला, तर त्या बादलीत कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने ५.७ ग्रॅम क्षार होतात. ते संपवायला कागदावरच्या हिशेबाने सुमारे ३५ ग्रॅम साबण लागतो. १०० ग्रॅमच्या वडीचा एक तृतीयांश भाग. एकही कपडा न धुता.

"म्हणजे तो साबण जायचा कुठे?" आईने विचारलं.

"कपड्यांत अडकायचा. त्यानेच शर्ट राखाडी पडायचे, टॉवेल ताठ व्हायचे. थोडा केसांत बसायचा. आणि बादलीच्या कडेला."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "कडेचा तो मळ नव्हता?"

"थोडा मळ. जास्त साबणच."

"मग मी इतकी वर्षं साबणच घासून काढत होते," ती म्हणाली. "साबण लावून."

मी यावर काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

साबणाने पाणी मोजायची रीत या थेंबांच्या पेटीपेक्षा शंभर वर्षं जुनी आहे, हे मी नंतर वाचलं. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात टॉमस क्लार्क नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. साबणाचं ठरावीक द्रावण पाण्यात थोडं थोडं घालायचं, बाटली हलवायची, आणि टिकणारा फेस यायला किती द्रावण लागलं त्यावरून जडपणा ठरवायचा, ही त्यांची चाचणी. त्यांच्या नावाचे अंशही पुढे रूढ झाले. म्हणजे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईचा हात रोज जी चाचणी करत होता, तीच त्यांनी बाटलीत आणली. त्याच क्लार्क यांनी १८४१ मध्ये पाणी मऊ करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि ती पद्धत काट्याने काटा काढण्याची आहे. चुन्यामुळे जड झालेल्या पाण्यात आणखी चुना घालायचा! विरी गेलेला चुना पाण्यातला वायू ओढून घेतो, वायू गेला की आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही चुने मिळून तळाशी बसतात. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत ही युक्ती आजही वापरतात.

हे सगळं कळल्यावर मी घरातला एकेक जुना आरोप काढून तपासायला लागले. चहाचं उदाहरण मला कधीच विसरता येत नाही. आईच्या चहावर एक तपकिरी, चकाकणारा तवंग यायचा, कप हलवला की बर्फाच्या पातळ पापुद्र्यासारखा तडकायचा. कपाच्या आत त्याची रेघ उमटायची. पाहुणे तो तवंग चमच्याने हळूच बाजूला सारायचे, आणि आईला वाटायचं की त्यांना कप घाणेरडा वाटला. मायकेल स्पायरो आणि त्यांच्या सहकाऱ्याने लंडनमध्ये या तवंगाचा अभ्यास केला, १९९३ मध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. चहातली द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनने बदलतात आणि पाण्यातलं कॅल्शियम व बायकार्बोनेट असेल तरच हा पापुद्रा धरतो. मऊ पाण्याच्या चहावर तो येत नाही. लिंबू पिळलं तरी येत नाही. कप किती स्वच्छ धुतला याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

कडधान्याचंही तसंच. रात्रभर भिजवूनही दाणा दाताखाली कचकचायचा, आणि भिजत घालायला उशीर केलास असं तिला ऐकावं लागायचं. दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियम मिळालं की घट्ट होतं. शिजायला लावलेलं पाणीच त्याला शिजू देत नव्हतं.

मूतखड्याची भीती मात्र मी आईच्या मनातून काढायचा प्रयत्न अजून करते आहे. गिझरमधल्या खपल्या बघून ती घाबरली होती. "हेच पोटात बसत असणार," म्हणाली. किटलीत दगड दिसतो, मूत्रपिंडातही दगड होतो, मग दोन्ही एकच वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि आहारातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं. १९९३ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, ४५ हजारांहून अधिक पुरुषांमध्ये, आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झालेले दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कुठलीही मर्यादा घातलेली नाही. त्यांचं सांगणं चवीचं आणि थराचं आहे: साधारण २०० च्या वर नळ्यांत थर बसायला लागतो, १०० च्या खाली पाणी उलट नळ्या खायला लागू शकतं. ३८० चा सगळा जडपणा कॅल्शियमचाच धरला तर आमच्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे १५० मिलिग्रॅम कॅल्शियम आलं. ते शरीराला नको असलेलं काही नाही. डॉक्टरांनी एखाद्याला वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐकावं.

आणि सगळा बोल पाण्याच्या माथी मारणंही बरोबर नाही, हे मला स्वतःला बजावावं लागलं. आईच्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, तेही पाण्यानेच, असं मी ठरवून टाकलं होतं. मग २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्लंडमधला एक अभ्यास वाचला. इसब असलेली ३३६ मुलं, त्यांतल्या निम्म्यांच्या घरी पाणी मऊ करणारं यंत्र १२ आठवडे बसवलं होतं. त्यांच्या इसबात बाकीच्या मुलांपेक्षा वेगळा असा काही फरक पडला नाही. आईच्या भेगांना पाण्याइतकाच, कदाचित जास्त, तो रोजचा पाच-पाच वेळा घासण्याचा उद्योग कारण असेल. म्हणजे पाण्याचा दोष झाकायला तिने जे केलं त्याने हात फुटले असतील. मला हे जास्त वाईट वाटतं.

जड पाण्याचं एक चांगलंही सांगायला हवं. नळ्यांच्या आत बसलेला पातळ थर धातूला झाकतो, जुन्या नळ्यांमधलं शिसं पाण्यात उतरू नये म्हणून तो उपयोगी पडतो. पाणी थर बसवेल की धातू खाईल, हे आधीच सांगणारा एक निर्देशांक विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडला. पाणीपुरवठ्याचे अभियंते तो आजही वापरतात.

आता आई माझ्याकडे असते आणि माझ्याही नळाला जडच पाणी येतं. यंत्र बसवलंय, पण फक्त न्हाणीघराच्या आणि धुण्याच्या नळीवर. त्यातले बारीक मणी कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, आणि मण्यांची जागा भरली की त्यांना मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. ३८० चा जडपणा काढला की लिटरमागे साधारण १७५ मिलिग्रॅम सोडियम वाढतं, म्हणून पिण्याच्या नळाला मी ते जोडलेलं नाही. तुरटीने पाणी मऊ होतं असं अनेकांना वाटतं, पण तुरटी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेल्या क्षाराला ती हात लावत नाही. उकळल्याने बायकार्बोनेटचा जडपणा जातो. सल्फेट आणि क्लोराइडचा राहतोच, म्हणून तर पुस्तकात त्याला कायमचा म्हटलं होतं. गिझर मी ५५-६० अंशांच्या पुढे नेत नाही, जितका ताप जास्त तितका थर जास्त.

किटली दर महिन्याला आई स्वतः साफ करते. तिला ते काम आवडतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड टाकते आणि कान जवळ नेऊन ऐकते. तळाच्या पांढऱ्या थरातून बारीक बुडबुडे सुटायला लागतात, सळसळल्यासारखा आवाज येतो. मातीने जो वायू देऊन दगड विरघळवला होता, तोच वायू आता दगडातून परत निघत असतो. वीस मिनिटांत तळ आरशासारखा. घासायचं काहीच नाही. पूर्वी ती नळाच्या तोट्यांना कडक ॲसिड लावायची, त्याने थर गेला आणि मुलामाही गेला. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचजवळ नेऊ नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो, हे मी बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

गेल्या पावसाळ्यात यंत्र आठवडाभर बंद होतं. पहिल्या दोन पावसांत गच्ची धुऊन निघाल्यावर आम्ही पन्हळीखाली दोन बादल्या लावल्या. पेटी काढून मोजलं, तर पहिल्याच थेंबाला निळं. ते पाणी तापवून आईला केस धुवायला दिलं. मी मागे उभी राहून पाणी ओतत होते. साबणाची वडी तिने केसांवर दोनदाच फिरवली असेल, तर फेसाने दोन्ही हात भरले, मानेवरून पाठीवर ओघळ आले. मी एक तांब्या ओतला, दोन ओतले, चार ओतले. तिने केसांवरून, मग हातांवरून बोटं फिरवली. मऊ पाण्यात कातडी गुळगुळीत राहते, जड पाण्यात कातडीवर बसणारा तो फाटलेला साबण तिथे नसतो, आणि ज्या हाताला वर्षानुवर्षं चरचरीत वाटायची सवय झाली आहे त्याला हे ओळखूच येत नाही.

"अजून साबण निघाला नाही गं," ती म्हणाली. "ओत अजून."

"निघालाय, आई."

तिने हात उजेडाकडे धरले आणि दोन्ही बाजूंनी बघितले.